दुसरं बिस्किट आणि सहा भाते

१२ ऑगस्ट, सोमवार. सकाळी अकरा.

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. हिस्केने बिस्किटांचा डबा दुसऱ्यांदा उघडला.

नीट लिहून ठेवतो, कारण पुढे कधीतरी आम्ही दोघं हे वाचून हसू. कॉफी झाली. एकेक बिस्किट झालं. डब्याला झाकण लागलं. होल्वीरममध्ये, आमच्या या डच गावात, मी बावीस वर्षं काढली आहेत. इथे झाकण लागलं की लागलं. लोक कॉफीचा तिसरा कप देतील, वेळप्रसंगी गाय देतील, दुसरं बिस्किट देणार नाहीत. आणि हिस्केने बोलता बोलता झाकण काढून डबा माझ्यासमोर धरला. म्हणाली, घे ना अजून एक. डोळ्यांत बघून म्हणाली. मध्येच एकदा खिडकीबाहेर सायकलकडे बघितलं, पण ते संकोचाने.

घेतलं. बडीशेपेचं आहे. खाल्लं नाही. रुमालात ठेवलंय.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

संकल्प. रोज चार तास प्रॅक्टिस. डोकं थंड. दारं आपटणं बंद. आणि स्पर्धा संपायच्या आत हिस्केला सगळं सांगून टाकणं.

स्पर्धा म्हणजे जुन्या ऑर्गनवर जुनं संगीत वाजवण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, यंदा आमच्या गावात, आमच्या चर्चमधल्या १७३१ सालच्या ऑर्गनवर. एकसष्ट जणांनी रेकॉर्डिंग पाठवलं, नऊ निवडले. हिस्के निवडली गेली. ती आमच्या चर्चची ऑर्गनवादक, तिच्यासारखं कोण वाजवतं? मीही पाठवलं होतं. माईक खराब होता.

माझ्या संगीताच्या कॉलेजचा इथे काही संबंध नाही. मार्चमध्ये तिसऱ्या वर्षातून मी निघालो ते तत्त्वासाठी. सरांनी एकच ओळ तासभर वाजवायला लावली आणि वर म्हणाले, सिको, तुझे हात पुढे पळतात आणि कान घरी राहतात. मी दार लावलं. काच फुटली, ती आधीपासून सैल असणार.

१४ ऑगस्ट, बुधवार.

प्रॅक्टिस: काल शून्य तास, आज वीस मिनिटं. ऑर्गनवर दिवसभर हिस्के बसलेली असते. तिच्यासाठी मी माझी कला बाजूला ठेवतोय, हे तिला माहीतही नाही.

दुपारी बोल्हाउसबाई आल्या. बाई चर्चच्या विश्वस्त, गावातल्या निम्म्या किल्ल्या त्यांच्या पर्समध्ये. म्हणाल्या, अंतिम फेरीत विजेची मोटर बंद ठेवायचीय, ऑर्गनला वारा पायांनी द्यायचा, पूर्वी देत तसा. हार्मकाका पन्नास वर्षं ते काम करताहेत, पण आता गुडघे ऐकत नाहीत. मग आईला विचारलं, तुमचा सिको रिकामाच असतो ना? आई म्हणाली, रिकामा कसला, अगदी मोकळा असतो.

मी समोर बसलोय. जणू भाड्याची खोली.

उठून दार आपटणारच होतो, तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. भात्यांची खोली ऑर्गनच्या पाठीला. हिस्के आणि मी, मध्ये एक लाकडी भिंत आणि थोड्या नळ्या. बोटं तिची, श्वास माझा!

हो म्हणालो. बाईंना वाटलं मी समाजकार्य करतोय.

१५ ऑगस्ट, गुरुवार.

हार्मकाकांकडे शिकवणी. काका अठ्ठ्याहत्तरचे, तोंडात सतत पेपरमिंट. खोलीत सहा भाते, प्रत्येकाचा एक लाकडी दांडा. दांड्यावर उभं राहिलं की आपल्या वजनाने तो खाली जातो, मागे भाता फुगतो, मग सावकाश बसत बसत ऑर्गनला वारा देतो. तो पुरता बसायच्या आत पुढच्या दांड्यावर जायचं. बस. हे माकडही करेल, असं मी म्हणालो.

काका म्हणाले, माकड करेल, कारण त्याला स्वतःबद्दल काही वाटत नसतं. तू उडी मारशील. उडी मारलीस की वारा हलतो, वारा हलला की सूर थरथरतो. उशीर केलास की सूर खचतो. सायीवर पाय ठेवल्यासारखा ठेव, राजे. आणि या खोलीचं दार आपटायचं नाही, सहाच्या सहा भाते दचकतात.

दाराचं दोनदा सांगितलं. या गावात काही लपून राहत नाही.

वरच्या तुळईवर जुन्या भातेवाल्यांनी चाकूने नावं कोरलीत. एक १७४०चं आहे. काकांचं दिसलं नाही. विचारलं तर म्हणाले, कोरणार होतो, मग ऑर्गन सुरू झाला.

१७ ऑगस्ट, शनिवार.

पोटऱ्या. जिना बसून उतरलो. प्रॅक्टिस नाही, ऑर्गनचं पेडल मारायलाही पाय लागतात.

२० ऑगस्ट, मंगळवार.

स्पर्धक आले. त्यांना गावातल्या घराघरांत ठेवायची पद्धत आहे. आमच्या वाट्याला बोलोन्याचा रुजेरो. आईने त्याला माझी खोली दिली. मी अंगणातल्या कॅराव्हॅनमध्ये.

रुजेरो उंच. केस असे की वाऱ्यात विस्कटले तरी ठरवून विस्कटल्यासारखे. वाटाण्याचं घट्ट सूप, खरं तर थंडीतलं, त्याने दोनदा मागून घेतलं. ऑगस्टमध्ये! आई म्हणाली, बघ सिको, याला म्हणतात खाणं. मी बावीस वर्षं तेच सूप खातोय, तेव्हा कधी टाळ्या पडल्या नाहीत.

तो वाजवतो स्वच्छ. फारच स्वच्छ. धुतलेल्या बशीसारखं. बशीवर जेवण नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार.

आमच्या संडासात, इथे घरोघरी असतं तसं, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यात शाळेपासून हिस्केचा वाढदिवस लिहिलेला आहे, म्हणजे घरच्यांनी तिला केव्हाच आपलं मानलंय. आज पाहिलं तर तीन नोव्हेंबरला आईच्या अक्षरात: रुजेरो. बाजूला फूल.

हिस्केच्या नावाला फूल नाही.

कॅराव्हॅनचं दार आपटलं. हँडल हातात आलं. आता आतून दोरीने बांधतो. कॅराव्हॅनचं दार संकल्पात धरलेलं नव्हतं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार.

पहिली फेरी संपली. अंतिम फेरीत तिघं: बुडापेस्टची इल्डिको, रुजेरो आणि माझी हिस्के.

रात्रीच्या जेवणाला हिस्के आमच्याकडे होती. आईने विचारलं, जिंकलीस तर काय गं? म्हणाली, पोर्तुगालमधल्या एका जुन्या चर्चमध्ये दोन वर्षांची नेमणूक. आणि नाही जिंकलीस तर? म्हणाली, इथे नाताळनंतर महिन्यातून दोनच रविवार ऑर्गन वाजणार, तेवढ्यात काय भागतंय, बटाट्याच्या स्टार्चच्या कारखान्यात ऑफिसात जागा आहे, तिथे अंतिम फेरीनंतरच्या सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. मग हसली आणि म्हणाली, काकू, मला त्या कारखान्याचा वास लहानपणापासून सहन होत नाही हो.

हसली खरी, पण हातातला चमचा खाली ठेवायचा विसरली.

म्हणजे तिला जिंकायलाच हवं. मीही पोर्तुगालला जाईन. तिने अजून विचारलेलं नाही, पण दुसरं बिस्किट उगीच कुणी देत नाही. पोर्तुगीजचा अभ्यास सुरू. आज तीन शब्द. त्यातला एक ‘ब्रेड’.

२६ ऑगस्ट, सोमवार.

अंतिम फेरीचे नियम कळले. नावं गुप्त. चिठ्ठ्या काढून एक, दोन, तीन नंबर. परीक्षक खाली पडद्याआड. वर कुणी एक शब्द बोलायचा नाही, आवाजावरून ओळख पटायला नको. भातेवाल्यालाही सांगणार नाहीत कोण वाजवतंय. वादक घंटीची तार ओढणार, की आम्ही वारा सुरू करायचा.

मला सांगायची गरजच काय? आज तिघांची रंगीत तालीम झाली. सकाळी हिस्केची पाळी, बाहेर झिमझिम पाऊस. तिने तार ओढली, घंटी वाजली टिंग-टिंग. दोनदा. कोवळी. दुपारी ऊन पडलं, बाकीचे दोघं आले. दोघांची एकदाच टिंग. कोरडी.

काकांना म्हटलं, ऐकलंत? दोनदा. ही तिची खूण आहे, माझ्यासाठी.

काका म्हणाले, हवा दमट असली की ती तार मध्येमध्ये अडकते आणि दोनदा उडते. माझ्या लग्नाआधीपासून उडते.

काकांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. प्रेमातलं त्यांना आता काय आठवणार.

ते पेपरमिंट आणायला गेले तेवढ्यात तुळईवर कोरून घेतलं. ‘हिस्के आणि सिको’, खाली साल. ओक फार कडक. चाकूचं टोक मोडलं. पण अक्षरं खोल आली आहेत, तीनशे वर्षं कुठे जात नाहीत.

२८ ऑगस्ट, बुधवार.

हिस्के रुजेरोला सायकल शिकवतेय. समोरून येणाऱ्या वाऱ्यात. तिचा हात त्याच्या पाठीवर. पाहुणचार म्हणून ठीक आहे.

जेवायला हिस्केही होती. जेवताना रुजेरोने मला इंग्रजीत विचारलं, तू हल्ली काय वाजवतोस? मी घास गिळेपर्यंत आई म्हणाली, तो भाते दाबतो. रुजेरो म्हणाला, अरे वा, आमच्या गावात माझे आजोबा दाबायचे, फार मानाचं काम. सगळ्यांसमोर! आजोबांशी तुलना!! खुर्ची मागे पडली. म्हणजे मी उठलो तेव्हा. त्याला बरंच काही सुनावलं, डचमध्ये, त्याला कळलं नसेल. आई म्हणाली, बस खाली, सूप निवतंय.

हिस्के माझ्यामागून अंगणात आली. म्हणाली, सिको, तू भडकतोस आणि विझतोस. मधल्या मध्ये कुणाला ऊब मिळत नाही रे.

ऊब! ती माझ्या बाबतीत उबेचा विचार करते.

सांगणारच होतो सगळं. पण ती परत आत गेली होती. सूपही संपलं होतं.

३० ऑगस्ट, शुक्रवार.

उद्या. मन शांत. प्रत्येकाला सारखाच वारा देणार. मी कलावंत आहे, राजकारणी नाही. रुजेरोलाही देणार. त्याचा वकूब तेवढा, वाऱ्याने काय फरक पडतोय.

बोल्हाउसबाईंना तुळईवरचं दिसलं. पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, संरक्षित वास्तू आहे ही, सिको, संरक्षित! काका म्हणाले, बाई, उद्यापर्यंत थांबा, दुसरे पाय कुठून आणाल?

३१ ऑगस्ट, शनिवार. दुपारी चार.

न्याय झाला. गरम गरम लिहून ठेवतो.

सकाळपासून धुकट पाऊस. काका कोपऱ्यात स्टुलावर, मी दांड्यांवर. नंबर एकला घंटी टिंग. इल्डिको, मी लगेच ओळखलं. चांगली वाजवते. वारा सरळ दिला.

नंबर दोन. टिंग-टिंग.

हात घामेजले. पाय मात्र नाहीत. पंचवीस मिनिटं सायीवर चाललो. एकदाही उडी नाही, एकदाही उशीर नाही, एका भात्यावरून दुसऱ्यावर असा गेलो की वारा काचेसारखा सपाट. काकांनी स्टुलावरून मान डोलावली. पन्नास वर्षांत त्यांनी ती दुसऱ्या कुणापुढे डोलावली नसेल. भिंतीपलीकडे ती, अलीकडे मी. तिच्यासाठी आयुष्यात इतकं नेटकं काही केलं नव्हतं.

नंबर तीन. टिंग. कोरडी. उरलं कोण? माझी खोली, माझं सूप, तीन नोव्हेंबर, फूल.

ठरवून केलं नाही. पाय रागावले. पहिल्याच भात्यावर धाडकन उडी. भिंतीपलीकडे सुराला गचका बसला. पुन्हा एक उडी. काका काठी टेकत उठले, बोलायची बंदी, नुसतं बोट हलवताहेत, तोंड रागाने लाल. मग संथ भाग आला आणि मी चौथ्या भात्यावर मुद्दाम थांबलो. वारा खचायला लागला. लांबलेला सूर बसत बसत जमिनीला आला.

आता गडबडेल, असं म्हटलं मी मनात.

गडबडला नाही. थांबला. तो सूर तसाच धरून ठेवला, दमलेल्या माणसाला बसू द्यावं तसा. मी पाय टाकला. वारा वर आला. मग पुढचा सूर त्या वाऱ्यावर पाऊल ठेवल्यासारखा आला. पुढे दर ओळीच्या शेवटी तो माझी वाट बघायचा. मी दांडा बदलला की श्वास घ्यायचा, मी उभा असलो की गायचा. हरामखोर वाजवतो चांगलं.

पुढे माझे पाय सरळ पडायला लागले. मी सांगितलं नव्हतं. दहा-बारा मिनिटं मला काहीच सुचलं नाही, राग कुठे ठेवलाय तेही आठवेना. काका स्टुलावर परत बसले होते.

संपल्यावर राग सापडला. पण उड्या पडायच्या त्या पडल्या होत्या. परीक्षक बहिरे थोडेच आहेत? हिस्केसाठी ग्लॅडिओलसचा गुच्छ आणलाय. सहा वाजता निकाल. निकालानंतर लगेच सांगून टाकणार.

त्याच दिवशी, रात्री आठ.

लिहायला नको वाटतंय. लिहितो.

चर्च खच्चून भरलेलं. मुख्य परीक्षक जर्मन बाई, पांढरे केस. म्हणाल्या, आज एक गोष्ट घडली. नंबर दोनला वारा अगदी सपाट मिळाला, आणि वादनही तसंच झालं, निर्दोष, मोटर लावल्यासारखं. नंबर तीनच्या वेळी वारा डळमळला. दुसरा वादक घाबरला असता. या वादकाने तो ऐकला आणि त्याच्याबरोबर श्वास घेतला. या वाद्यांना हेच हवं असतं. पहिलं बक्षीस, नंबर तीन.

मी उभा राहिलो. ओरडलो. अन्याय आहे! नंबर तीनची काही लायकी नाही! हे शब्द तंतोतंत. चर्चमध्ये प्रतिध्वनी छान येतो.

सगळं चर्च मागे वळलं. आणि ऑर्गनच्या जिन्यावरून हिस्के खाली आली.

लोक तिच्याकडे वळले, टाळ्या. मग पुन्हा माझ्याकडे. मग तिच्याकडे. मी गुच्छ धरून उभा. रुजेरो, म्हणजे नंबर दोन, म्हणजे माझी साय, शेजारी येऊन उभा राहिला. त्याला तिसरा क्रमांक. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाला, धन्यवाद, मित्रा. मी त्याची बाजू घेतली असं त्याला वाटलं.

गुच्छ त्याला दिला. हातात होता म्हणून.

१ सप्टेंबर, रविवार. दुपार.

आज हिस्केचा इथला शेवटचा रविवार. गुरुवारी निघतेय. प्रार्थनेला मोटर नको, भाते हवेत, असं तिनेच बाईंना सांगितलं. मी लवकर गेलो. सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. उड्या, चौथा भाता, बिस्किट. सगळं.

ती वर आली, काखेत डबा. आधी मला म्हणाली, काल ओरडलास ना, तुझा आवाज मी जिन्यातच ओळखला. काय झालं होतं रे? म्हटलं, घसा. ती म्हणाली, हं.

मग काकांना विचारलं, काल तुम्ही दोघं आत होतात, माझ्या वेळी दांड्यांवर कोण होतं? त्या परीक्षक बाई म्हणाल्या त्यात निम्मं श्रेय त्या पायांचं आहे. वारा खचला तेव्हा मला कळलं की पलीकडे एक दमलेला माणूस आहे, आणि घाई करायची नाही. तोपर्यंत मी फक्त बक्षिसासाठी वाजवत होते.

काकांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला संधी देत होते, हे आता कळतंय. ‘मी होतो’ म्हणालो तर श्रेय माझं. मग ती विचारणार, खचला कसा? आणि चौथ्या भात्यावर मी काय करत होतो, ते मला तिच्या तोंडावर सांगावं लागणार. तोंड उघडलं. आत हवा होती, आवाज नव्हता.

काका म्हणाले, मीच होतो. गुडघे गं, पोरी.

हिस्केने त्यांना मिठी मारली, गालांवर तीन पापे. मग डबा उघडून माझ्यासमोर धरला. एक घेतलं. झाकण लावलं नाही. म्हणाली, घे ना अजून एक. आणि अजून एक. माझ्या आईने एक दुकान कायमचं बंद होताना स्वस्तात बडीशेपेचे अकरा डबे उचलले, कुणी तोंड लावत नाही, महिनाभर येईल त्याला वाटतेय. तुझ्याकडेच सगळ्यात जास्त खपले बघ.

तीन खाल्ली. चव वाईट नाही. थोडी साबणासारखी.

ती वाजवायला भिंतीपलीकडे गेली. मी मोडका चाकू काढला आणि तुळईशी गेलो. निदान ती दोन नावं खरवडून टाकावीत. काकांनी काठी आडवी धरली. म्हणाले, आता नाही. बाईंनी काल फोटो काढून नोंद केली, नियमाने आता या तुळईवरचं काही काढता येत नाही. मी म्हटलं, पण ते खरं नाहीये, काका. ते म्हणाले, १७४०वाल्याचं तरी खरं होतं का, कुणाला माहीत.

बाहेर पाऊस. घंटी वाजली. टिंग-टिंग.

मी दांड्याकडे निघालो. काका आधीच उठले होते. काठी भिंतीला लावली, पहिल्या दांड्यावर उभे राहिले, तोंड वाकडं झालं, पण दांडा लोण्यासारखा खाली गेला. दुसऱ्याकडे जाता जाता म्हणाले, जा पोरा तू. आज तिला नुसता वारा हवाय.

पलीकडे ती सुरू झाली. मी बाहेर आलो. दाराला हात घातला आणि असं आपटावंसं वाटलं की चर्चच्या सगळ्या खिडक्यांना कळलं असतं. आत काका तिसऱ्या भात्यावर चढत होते. दार आपटलं की वारा हलतो.

हळूच ओढून घेतलं. कडी लागल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.